सिबिलमधली चूक आपणच दुरुस्त करायची, ती अशी

माझे मामाजी, म्हणजे सासरे, २०२४ च्या उन्हाळ्यात विहिरीवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकायला कर्ज मागायला गेले. फिल्ड ऑफिसरने संगणकात पाहून सांगितलं, "काकाजी, तुमचं सिबिल खराब आहे." मामाजी घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. म्हणाले, "सरकारनं माफ केलं, अंगठा लावून आलो, मेसेज आला. मंग हे अजून काहून दिसते?"

मी घाटंजी तालुक्यात बचत गटांचं काम करते, बँक सखी आहे. गटांच्या कर्जाची कागदपत्रं रोज हाताळते, पण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा कागद, नीट वाचायला मी त्या दिवसानंतर शिकले. तेव्हापासून गावातल्या आणि आसपासच्या बऱ्याच जणांचे रिपोर्ट काढून दिले. दुरुस्तीची पद्धत अवघड नाही, पण तिचा क्रम चुकला तर महिनाभर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या

सिबिल म्हणजे सरकारी खातं नव्हे आणि बँकही नव्हे. ती लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने त्या चालतात. आपण ज्याच्याकडून कर्ज घेतो ती बँक किंवा फायनान्स कंपनी आपल्या खात्याची माहिती या कंपन्यांना पाठवते. पूर्वी ती महिन्याला जायची, १ जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याला गेली पाहिजे असा नियम आला. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो, तो स्कोअर.

आता महत्त्वाची गोष्ट. सिबिल कंपनी स्वतःच्या मनाने तुमच्या नोंदीत काहीही बदलू शकत नाही. तुम्ही तक्रार केली की ती बँकेला विचारते. बँक "चूक आहे" म्हणाली तरच नोंद बदलते, "बरोबर आहे" म्हणाली तर तशीच राहते. म्हणजे दुरुस्तीचा कागद निघणार शाखेतून. पण शाखेत नुसते खेटे घातले तर कोणावर मुदतीचं बंधन येत नाही. मुदत सुरू होते ती रीतसर तक्रारीच्या तारखेपासून. दोन्ही लागतं, आणि याच क्रमाने: शाखेचं खातेपुस्तक आधी, ऑनलाइन तक्रार नंतर.

आम्ही उलटं केलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी पहिली: रिपोर्ट फुकट काढा, आणि जानेवारीतच काढा

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार फुकट रिपोर्ट. हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा असतो. खरिपाच्या पीक कर्जाचं वाटप एप्रिलपासून सुरू होतं आणि तक्रारीला महिना जातो. त्यामुळे संक्रांत झाली की रिपोर्ट काढलेला बरा. मे महिन्यात बियाण्याची घाई असताना चूक सापडली तर त्या हंगामाला तिचा उपयोग नाही.

सिबिलच्या संकेतस्थळावर "फ्री अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट" असं शोधा. पुढे पैसे भरून महिन्याची किंवा वर्षाची योजना घ्या असं दाखवतात, त्याची गरज नाही. पॅन कार्ड नसेल तर मतदार ओळखपत्रावरही काम होतं. नाव आणि जन्मतारीख बँकेत दिली तशीच टाका. आधारवर एक, बँकेत दुसरी जन्मतारीख असेल तर रिपोर्ट सापडतच नाही. आपल्याकडे हे फार होतं, कारण जुन्या माणसांच्या जन्मतारखा शाळेत अंदाजाने लिहिलेल्या असतात.

सेतू केंद्रातून काढणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ईमेल स्वतःचा किंवा घरातल्या मुलाचा द्या. केंद्रवाला सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो आणि दोन महिन्यांनी कंपनीचं उत्तर त्याच्याकडे येऊन पडतं, आपल्याला पत्ताच नसतो. ओटीपी स्वतः टाका.

सुरुवातीला एकट्या सिबिलचा रिपोर्ट काढला तरी चालेल. मात्र बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्यातल्या बायांनी क्रिफ हाय मार्कचाही काढावा, कारण मायक्रोफायनान्स कंपन्या कर्ज देताना बहुतेक वेळा तोच पाहतात.

पायरी दुसरी: रिपोर्ट पेन घेऊन वाचा

स्कोअरकडे शेवटी बघा. आधी पहिल्या पानावरचं नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाइल नंबर तपासा. आपण कधीच न राहिलेला पत्ता किंवा कधीच न वापरलेला नंबर तिथे असेल तर दुसऱ्या कोणाची तरी माहिती आपल्यात मिसळली आहे, असं समजून पुढची पानं वाचा.

मग कर्जखाती. प्रत्येक खात्याचा एक चौकोन असतो. त्यात कोणाकडून घेतलं, कोणत्या प्रकारचं, कधी उघडलं, कधी बंद झालं, मंजूर रक्कम, आजची शिल्लक, थकीत रक्कम हे सगळं असतं. खाली छत्तीस महिन्यांच्या छोट्या चौकटी असतात. त्यांना डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्ता किती दिवस थकला तो आकडा. '०००' किंवा 'एसटीडी' असेल तर वेळेवर भरलं. '०३०', '०९०' असेल तर तितके दिवस थकलं. 'एसयूबी', 'डीबीटी', 'एलएसएस' ही थकून बुडीताकडे गेलेल्या खात्याची अक्षरं. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' हे दोन शब्द दिसले की थांबा. सेटल्ड म्हणजे पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन बँकेने तडजोड केली. रिटन ऑफ म्हणजे बँकेने हिशेबातून काढून टाकलं, पण माफ केलं असं नाही.

शेवटच्या पानावर 'एन्क्वायरी' असतात, म्हणजे कर्जासाठी तुमचा रिपोर्ट कोणी कधी पाहिला त्याची यादी. तुम्ही कधी अर्जच केला नाही अशा कंपनीचं नाव तिथे असेल तर खूण करून ठेवा.

पायरी तिसरी: चूक कोणती आणि खरी नोंद कोणती, हे वेगळं करा

इथे मन घट्ट करावं लागतं. बोंडअळीने कापूस गेला, म्हणून हप्ता थकला, हे शंभर टक्के खरं असलं तरी थकलेले दिवस रिपोर्टमध्ये आले तर ती चूक नव्हे. तिची तक्रार करून उपयोग नाही. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीनदार राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर ते खातं तुमच्या रिपोर्टमध्ये दिसणारच. ओटीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या एकरकमी तडजोडीत, कमी रक्कम भरून मोकळे झालात तर 'सेटल्ड' हा शब्द खरा आहे. उरलेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेशी बोलून ती भरा आणि खातं 'क्लोज्ड' करून घ्या. त्याला दुसरा रस्ता नाही.

आपल्या भागात ज्या खऱ्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या त्या अशा.

कर्जमाफी झालेलं खातं अजून थकीत दिसणं. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, शासनाचे पैसे खात्यात जमा होऊन खातं निल, म्हणजे बाकी शून्य, झालं असेल तर शिल्लक आणि थकीत दोन्ही रकाने शून्य असायला हवेत. माफीच्या आधीचे थकलेले महिने मात्र खरेच असतात.

नवं-जुनं केलेलं कर्ज. मार्चमध्ये पीक कर्ज भरून पुन्हा उचलतो तेव्हा कधी जुनं खातं बंद होऊन नवं उघडतं. जुनं बंद झाल्याची माहितीच पुढे गेली नाही तर एकाच शेताची दोन कर्जं दिसतात आणि जुनं थकत जातं. बँका एकत्र झाल्या की असाच घोळ शोधावा. १ एप्रिल २०२० ला बऱ्याच सरकारी बँका एकमेकांत विलीन झाल्या, तर १ मे २०२५ पासून विदर्भ कोंकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. ज्यांचं खातं अशा बँकेत आहे त्यांनी जुन्या आणि नव्या नावाने तेच कर्ज दोनदा आलं नाही ना, हे पाहावं.

नावाची सरमिसळ. माझ्या एका गटातल्या बाईच्या रिपोर्टमध्ये तिने कधीच न घेतलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज होतं. शोधल्यावर कळलं की शेजारच्या गावात त्याच नावाची, नवऱ्याचंही तेच नाव असलेली, आडनावही तेच असलेली दुसरी बाई आहे. दोघींची जन्मतारीख १ जानेवारी लिहिलेली.

आणि चौथी, सगळ्यात वाईट: तुमच्या कागदपत्रांवर कोणीतरी मोबाइल अ‍ॅपवरून काढलेलं कर्ज. यात आधी १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, ठाण्यातही लेखी अर्ज द्या. ती पोच पुढे पुरावा म्हणून लागते.

पायरी चौथी: शाखेत जा, आणि खाते उतारा मागा

मामाजींचं असं झालं. रिपोर्टमध्ये माफ झालेल्या पीक कर्जाचं खातं चालू आणि थकीत दिसलं. मी लगेच सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली, माफीच्या मेसेजचा आधार दिला. महिन्याच्या आत उत्तर आलं: बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं, बदल नाही. मला धक्काच बसला. मग मामाजींना घेऊन शाखेत गेले आणि कर्ज खात्याचा पूर्ण उतारा मागितला. सुरुवातीला "आज गर्दी आहे, सोमवारी या" झालं. सोमवारी गेलो. उतारा हातात आला तेव्हा कळलं की माफीची रक्कम जमा झाली होती, पण त्याआधी लागलेलं काही हजारांचं व्याज खात्यावर तसंच राहिलं होतं. खातं कधी शून्य झालंच नाही. त्या उरलेल्या रकमेपायी ते वर्षानुवर्षं थकीत म्हणून पुढे जात राहिलं.

म्हणजे रिपोर्ट बँकेच्या वहीशी जुळत होता. चूक वहीत होती. वही सुधारल्याशिवाय मी शंभर तक्रारी टाकल्या असत्या तरी शंभर वेळा तेच उत्तर आलं असतं.

म्हणून सांगते, ऑनलाइन तक्रारीच्या आधी उतारा घ्या आणि शेवटची ओळ वाचा. तिथे शून्य असेल तर तुमचं काम सोपं आहे. शून्य नसेल तर ती रक्कम कशाची, हे शाखाधिकाऱ्यांकडून लेखी विचारा. आमच्या बाबतीत कर्जमुक्तीच्या वेळची आधार प्रमाणीकरणाची पावती कामी आली. तिच्यावर कर्ज खात्याचा क्रमांक आणि रक्कम छापलेली होती. मामाजींनी ती सातबाऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ती दाखवल्यावर शाखेने ते व्याज काढून टाकलं, खातं बंद केलं आणि निल दाखला दिला. तुमच्या पेटीत असली पावती असेल तर आजच तिची झेरॉक्स काढा, त्या कागदावरची शाई उडते.

सोसायटीमार्फत घेतलेलं कर्ज असेल तर आधी गटसचिवाकडून बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, घ्या आणि ती घेऊन जिल्हा बँकेच्या शाखेत जा. नुसती सोसायटीची बेबाकी पुढे पोहोचतेच असं नाही.

शाखेत अर्ज तोंडी नको. असा लिहा:

"प्रति, मा. शाखाधिकारी. विषय: क्रेडिट रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत पीक कर्ज खाते क्रमांक (…) होते. सदर खाते दिनांक (…) रोजी पूर्ण भरून बंद झाले आहे, निल दाखला सोबत जोडला आहे. तरीही सिबिलच्या दिनांक (…) च्या रिपोर्टमध्ये (कंट्रोल नंबर …) या खात्यावर रुपये (…) थकीत दाखवले आहेत. तरी सदर नोंद दुरुस्त करून चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना सुधारित माहिती पाठवावी व केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी, ही विनंती."

खाली सही किंवा अंगठा, मोबाइल नंबर, जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती म्हणजे पोचच. चारही कंपन्यांचा उल्लेख विसरू नका, कारण बँकेची माहिती चौघींकडे जाते.

पायरी पाचवी: कंपनीकडे तक्रार नोंदवा

आता ऑनलाइन. सिबिलच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून 'डिस्प्यूट' हा भाग उघडा. ज्या रकान्यात चूक आहे तोच निवडा: खातं माझं नाही, खातं दुबार आहे, थकीत रक्कम चूक आहे, वैयक्तिक माहिती चूक आहे. एका चौकोनात तीन चुका असतील तर तिन्हींवर खूण करा. रिपोर्टवर छापलेला कंट्रोल नंबर लागतो, म्हणून रिपोर्ट जुना नको. यासाठी फी लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर कंपनीच्या पत्त्यावर पोस्टाने अर्ज आणि झेरॉक्स पाठवता येतात. बाकी तीन कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही अशीच सोय आहे.

तक्रार क्रमांक वहीत तारखेसह लिहून ठेवा. तक्रार चालू असेपर्यंत रिपोर्टमध्ये त्या नोंदीवर 'अंडर डिस्प्यूट' असा शेरा दिसतो.

तीस दिवस आणि रोजचे शंभर रुपये

हा नियम आपल्या लोकांना जवळपास माहीतच नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. तक्रार नोंदवल्यापासून तीस दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यातले एकवीस दिवस बँकेचे: तेवढ्यात तिने सुधारित माहिती कंपनीला पाठवायची. उरलेल्या दिवसांत कंपनीने नोंद बदलायची. तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवस पाळले नाहीत तर बँक देते, बँकेने पाळले पण कंपनी रेंगाळली तर कंपनी देते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे ठरवलं आणि एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून ते लागू आहे.

समजा १० जानेवारीला तक्रार नोंदवली. तीस दिवस ९ फेब्रुवारीला पूर्ण. नोंद १ मार्चला दुरुस्त झाली तर वर वीस दिवस गेले, म्हणजे २,००० रुपये. निकाल लागल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ते खात्यात आले पाहिजेत. त्यासाठी तक्रारीत बँक खात्याचा तपशील भरलेला असावा लागतो. "स्कोअर कमी का दिला" किंवा "कर्ज का नाकारलं" अशा तक्रारींना ही भरपाई नाही.

तक्रार नामंजूर झाली तर कारण सांगणं त्यांना बंधनकारक आहे. ते कारण घेऊन पुन्हा शाखेत जा, उतारा पुन्हा वाचा. आमच्यासारखं वहीतच काही अडकलेलं असेल तर ते सुधारून नव्याने तक्रार करा. आमची दुसरी तक्रार सरळ मंजूर झाली.

तरीही दाद लागली नाही तर

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरा, किंवा १४४४८ या मोफत क्रमांकावर विचारा. पोस्टाने पाठवायची तर चंदीगडच्या केंद्राकडे साध्या कागदावर पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. पहिली तक्रार आणि तिची पोच जोडली नाही तर लोकपाल अर्ज परत करतो, म्हणून त्या आवक क्रमांकाला इतकं महत्त्व. आणि उत्तर आल्यावर "बघू दिवाळीनंतर" करू नका, लोकपालाकडे जायला मुदत असते.

पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा

तालुक्याच्या बस स्टँडजवळ आणि मोबाइलवर "सिबिल क्लीअर करून देतो" अशा जाहिराती असतात. पाच हजार, दहा हजार मागतात. वर सांगितलेल्या पायऱ्यांपलीकडे त्यांच्या हातात काहीही नाही, आणि खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. शिवाय आधार, पॅन आणि ओटीपी त्यांच्या हाती गेला की त्यावर नवंच कर्ज निघण्याची भीती. असा एजंट घरी आला तर बायांनो, सरळ नाही म्हणा.

ज्यांनी आयुष्यात कधीच कर्ज घेतलं नाही त्यांना "तुमचं सिबिलच नाही" म्हणून परत पाठवतात. इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा.

नोंद सुधारल्यावर

सुधारल्याचा मेसेज आला म्हणजे संपलं असं समजू नका. एक-दोन पंधरवडे जाऊ द्या आणि दुसऱ्या कंपनीचा फुकट रिपोर्ट काढा. त्या कंपनीकडेही सुधारणा पोहोचली का, हे त्यातून कळतं. नसेल पोहोचली तर त्याच कागदांवर तिथेही तक्रार करा. स्कोअर लगेच उडी मारत नाही. मामाजींचा हळूहळू वर आला, कारण जुने थकलेले महिने अजून त्या छत्तीस चौकटींत होते.

शाखेच्या फाइलमध्ये मात्र तुमचा जुना, खराब रिपोर्ट लावलेला असतो, आणि फाइल वर जाते ती तोच घेऊन. म्हणून नव्या रिपोर्टची प्रत, निल दाखला आणि एका ओळीचा अर्ज फिल्ड ऑफिसरकडे द्या: "कृपया माझा रिपोर्ट नव्याने काढून फाइलला जोडावा." त्याच्यावरही आवक क्रमांक घ्या. मामाजींची फाइल अशीच दुसऱ्यांदा वर गेली, आणि त्या वर्षी तुरीला विहिरीचं पाणी पाइपातून गेलं.